आधी लिमिट, मग व्होल्ट

कारखान्यात माझ्या टेबलावर डाव्या हाताला एक डीसी पॉवर सप्लाय आहे. दिसायला बुटांच्या खोक्याएवढा, पण उचलायला गेलं की कंबर आठवते. पुढच्या अंगाला फिरवायचं एक गोल बटण, आकड्यांच्या कळा आणि दोन ओळींची उजळ पाटी. वरच्या ओळीत व्होल्ट, खालच्या ओळीत अँपिअर. खाली लाल आणि काळं अशी दोन टर्मिनल, आणि उजव्या कोपऱ्यात एकटी, आऊटपुटची कळ. ती दाबेपर्यंत वर कितीही आकडे मांडा, तारांत काही येत नाही. मला हे फार आवडतं. आधी सगळं ठरवून घ्यायचं आणि मग सोडायचं, अशी सोय माणसांशी बोलताना मिळत नाही.

आमचा कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे. आम्ही दूध तपासायची यंत्रं बनवतो. सकाळी गावच्या डेअरीत लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात, तिथे काउंटरवर ठेवलेलं जे यंत्र फॅट सांगतं, ते. लाईट गेली की ते बॅटरीवर चालतं, आणि लाईट नेमकी दूध घालायच्या वेळेलाच जाते. म्हणून यंत्रातल्या प्रत्येक सर्किट बोर्डाला आधी माझ्या टेबलावर मरत्या बॅटरीचा अनुभव घ्यावा लागतो. सप्लायमध्ये मी एक प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. प्रोग्रॅम म्हणजे फार काही नाही, पायऱ्यांची यादी. साडेतेरा व्होल्टपासून सुरुवात, दर मिनिटाला थोडं खाली, दहा व्होल्टला शेवट. यादी सुरू केली की सप्लाय आपापला उतरत जातो आणि बोर्ड कुठल्या पायरीवर बरळायला लागतो ते मी वहीत लिहिते. तेवढ्यात चहा होतो. आमचे मालक येता-जाता म्हणतात, "मॅडम, तुमच्यापेक्षा तुमचं मशीनच जास्त काम करतं." मी म्हणते, "तुमच्यापेक्षाही करतं."

नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. आधी लिमिट, मग व्होल्ट. बोर्डात कुठे शॉर्ट असला तर तो मिळेल तेवढा करंट ओढतो आणि स्वतःला जाळून घेतो. लिमिट लावून ठेवलं असेल तर सप्लाय त्या आकड्यापुढे करंट देत नाही. त्यासाठी तो व्होल्ट स्वतःच खाली आणतो आणि एक लाल दिवा लावतो. दिवा लागला याचा अर्थ, समोरच्या वस्तूत काहीतरी बिघडलं आहे, हात आवरा आणि बघा. नऊ वर्षं मी हे शिकवते आहे. मी स्वतः यात एकदाच चुकले, आणि ते माझ्या वडिलांच्या आवाजावर.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. कवठे महांकाळला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वर पत्रा, खाली शहाबादी, आणि दारात कायम दोन-चार उघड्या मोटरी. आमच्या भागात पाणी खोल, म्हणून बोअर खोल, म्हणून मोटर खोल. शेतीची लाईट ठरावीक तास येते. ती आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज कोसळतं. मग मोटर जळते. लोक ती टेंपोत घालून आणत आणि खाली उतरवायच्या आधीच सांगत, "होल्टेज न्हवतं, आप्पा." आप्पा नुसता वास घेऊन कुठली वाइंडिंग गेली ते सांगायचे. तारेवरच्या लेपाचा, जळक्या एनॅमलचा तो वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, आईच्या साडीलाही असायचा.

पुण्यामुंबईकडे व्होल्टेज ही भिंतीच्या आतली बाब आहे, तिची कुणी चौकशी करत नाही. आमच्याकडे दोन माणसं बांधावर भेटली की पहिला प्रश्न, "होल्टेज हाय का?" घरातला दिवा तांबूस झाला की आई हातातलं टाकून आधी फ्रिज बंद करायला धावायची. आकडा खाली दिसला की तो वाईट, वर गेला की बरा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. मोटर जळते ती कमी व्होल्टेजमुळे तिला जास्त करंट ओढावा लागतो म्हणून, म्हणजे खरा चोर अँपिअर असतो, हे आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला दहादा सांगत. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पुढच्या वेळी परत तेच म्हणायचं, "होल्टेज न्हवतं." मी पुढे डिप्लोमा केला, हीच गोष्ट सूत्रांत शिकले, परीक्षेत लिहिली. पण सूत्रं वरवर राहतात आणि घरचं खाली मुरतं, हे मला उशिरा कळलं.

दुकानात एक नियम होता. दुरुस्त मोटर चालवून बघताना स्टार्टरवर एकाचाच हात. ज्याचा हात बटणावर, त्याच्या हाताला दुसऱ्याने हात लावायचा नाही, त्याच्या पॅनेलला शिवायचं नाही. काही चुकतंय असं दिसलं तर जागेवरून ओरडायचं. आप्पांच्या जुन्या भागीदाराचं एक बोट दोघांच्या दोन हातांच्या घोळात गेलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. त्यामुळे आमच्या दुकानात ओरडणं फार चालायचं, आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

ओरडण्यात आप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांना सूचना द्यायची भारी हौस. एसटीच्या ड्रायव्हरला गिअर कधी टाकायचा ते सांगणार, न्हाव्याला कात्री कशी धरायची ते सांगणार, आणि मला तर मी जन्मल्यापासून सगळंच सांगणार. मी सोल्डरिंग करत असले की मागून, "टीप सपाट धर. फुंकर घालू नको. शिसं कमी." सूचना बरोबर असायच्या, त्याचाच जास्त संताप यायचा. मी साताऱ्याला नोकरी धरली त्याचं एक कारण तेही आहे.

मग त्यांचा घसा बसला आणि तो बसूनच राहिला. तंबाखूची सवय जुनी. मुंबईला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. श्वासासाठी गळ्याच्या तळाशी एक भोक केलं, त्यावर ते पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बांधतात. ओठ हलायचे, जीभ हलायची, पण आवाज नाही. खरं सांगते, पहिल्या महिन्यात घरात जी शांतता आली, ती मला बरी वाटली. आप्पा जिवंत आहेत आणि गप्प आहेत, यात मला सुख वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट झाली. श्वास नाकातून जाईनासा झाल्यामुळे त्यांना वास येईनासा झाला. मोटर दारातून आत आली की निदान सांगणारा माणूस आता तारेला क्लँप मीटर लावून आकडे वाचत बसू लागला. याबद्दल त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. मी एकदा सुटीला गेले होते तेव्हा त्यांनी सवयीने एक मोटर नाकाजवळ नेली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली, तेव्हा मला कळलं.

सहा महिन्यांनी दवाखान्यातून त्यांना बोलायचं यंत्र मिळालं. विजेरीएवढं. एका टोकाला गोल पडदा. तो हनुवटीखाली गळ्याला टेकवायचा, बटण दाबायचं, की आतल्या तारेच्या कॉइलने पडदा थरथरतो, ती थरथर तोंडात जाते आणि ओठ-जीभ तिचे शब्द करतात. आवाज एकसुरी, टेबलावर ठेवलेला मोबाइल गुरगुरतो तसा. त्यात ना राग कळतो ना लोभ. पहिल्या दिवशी आप्पा आरशासमोर बसून म्हणाले, "याच्यापरीस गाढाव बरं." फोनवर लोक "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे. पण महिन्याभरात अख्ख्या तालुक्याला त्या आवाजाची सवय झाली आणि आप्पांच्या सूचना पूर्ववत सुरू झाल्या. मलाही रोज दुपारी फोन यायचा. बोर्ड तपासताना ती गुरगुर मला नकोशी व्हायची. मी म्हटलं, "आप्पा, मेसेज करत जावा की." ते म्हणाले, "बोटं तारंची हायती माजी. काचंची न्हाईत." मग मी कधी फोन उचलायची, कधी नाही.

गेल्या वर्षी यंत्र दमायला लागलं. आवाज बारीक झाला, चार्ज केलेली बॅटरी अर्ध्या तासात संपू लागली. दवाखान्यात विचारलं तर नव्या यंत्रासाठी फॉर्म भरा, चार-सहा महिने लागतील म्हणाले. आप्पांनी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि साताऱ्याची एसटी धरली. रविवारी कारखाना बंद असतो. मालकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "वडिलांचं काम आहे, बिनधास्त करा."

आप्पा माझ्या उजवीकडे स्टुलावर बसले. त्यांनी आधी टेबल बघितलं, मग तारा, मग सोल्डरिंगची टीप सपाट आहे का ते. मी यंत्र उघडलं. बॅटरी काढली आणि तिच्या जागी सप्लायच्या दोन तारा जोडल्या, लाल ती लाल, काळी ती काळी. बॅटरीच खराब असणार, हे मी मनात धरूनच बसले होते. लेबलावर साडेसात व्होल्ट लिहिलं होतं. मी नेहमीच्या सवयीने आधी लिमिट लावलं, दोनशे मिलिअँपिअर, मग साडेसात व्होल्ट मांडले. यंत्राचं बटण दाबलेलं राहावं म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. आऊटपुट दाबलं.

यंत्र कण्हलं. लाल दिवा लागला. आणि वरच्या ओळीत आकडा आला, तीन.

त्या क्षणी नऊ वर्षं शिकवणारी बाई कुठे गेली मला माहीत नाही. तिच्या जागी कवठ्याची पोरगी येऊन बसली. "होल्टेजच न्हाई," मी मोठ्याने म्हटलं आणि लिमिट वाढवलं. तीनशे. चारशे. व्होल्ट चढू लागले, साडेतीन, चार. कण्हणं वाढलं. "आला बघा आवाज!" मी म्हटलं. आप्पांनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, खूश झाले असतील, नाहीतर नेहमीसारखी काहीतरी सूचना असेल. पाचशे. त्यांचा तळहात टेबलावर पुन्हा पुन्हा पडू लागला. स्क्रूचा डबा उडाला. माझी नजर वरच्या ओळीवरून हलली नाही. आता पाच व्होल्ट झाले होते आणि मला फक्त साडेसात दिसत होते.

"आवं आप्पा, थांबा की जरा. बघतीय न्हवं मी."

टेबलावरचा आवाज थांबला. बरं झालं, एकदाचं ऐकलं, असं मला वाटलं. सहाशे. आठशे. सहा व्होल्ट. यंत्र असं वाजत होतं की सगळी शेड भरून गेली. आप्पांच्या गळ्याशी असताना ते इतकं मोठ्याने कधी वाजलं नव्हतं.

मग वास आला. जळक्या एनॅमलचा, घरचा. आणि यंत्र गप्प झालं. लाल दिवा विझला. पाटीवर मला हवा होता तो आकडा आला, साडेसात, अगदी बिनचूक. खालच्या ओळीत शून्य.

आप्पांना वास आला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बहुतेक माझ्या तोंडावरून त्यांना तो कळला. त्यांनी माझ्या वहीच्या कडेला लिहिलं, "कॉइल?" मी मान डोलावली. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा भयंकर राग आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती. पुढच्या दहा मिनिटांत सगळं स्पष्ट झालं. बॅटरी ठीक होती. यंत्राच्या आतला एक ट्रान्झिस्टर अर्धामुर्धा शॉर्ट झाला होता, तोच करंट ओढत होता. लाल दिवा हेच सांगत होता, खालची ओळ हेच सांगत होती. तो ट्रान्झिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये होता. पाच मिनिटांचं काम. मी लिमिट न वाढवता दिवा लागला तिथेच थांबले असते, तर आप्पा त्याच दुपारी बोलत बोलत घरी गेले असते.

आणि त्यांना हे पहिल्यापासून दिसत होतं. त्यांनी जन्मभर अँपिअरच बघितले. हात पुढे करून ते आऊटपुटची कळ दाबू शकले असते, ती त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होती. पण माझा हात सप्लायवर होता, आणि ज्याचा हात बटणावर त्याच्या हाताला हात लावायचा नाही. अशा वेळी ओरडायचं असतं. ओरडायचं यंत्र मी उघडून समोर ठेवलं होतं.

त्यांनी वहीत पुढे लिहिलं, "कवठ्याला चल. भरू." भरणं म्हणजे कॉइल पुन्हा गुंडाळणं. मी दोन दिवसांची रजा टाकली. सकाळच्या गाडीने सांगली, तिथून दुसरी एसटी. कंडक्टरने आप्पांना आधार कार्ड मागितलं. आप्पा खिसे चाचपत होते तोवर त्याने तीनदा विचारलं आणि मग मला म्हणाला, "भैरं हाय व्हय म्हातारं?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं त्यांना. कार्ड बघा आणि तिकीट फाडा." एरवी आप्पांनी त्याला तिकीट कसं फाडायचं तेही सांगितलं असतं. कवठ्यापर्यंत ते खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव बघत राहिले.

कॉइल सुपारीएवढी होती. तार केसासारखी. जुनी वाइंडिंग उकलताना वेढे मोजायचे, तितकेच नवे घालायचे, ही वाइंडिंगवाल्यांची रीत. आप्पा मनात मोजतात आणि दर शंभराला एक चिंचोका वाटीत टाकतात. मी दहा-अकरा वर्षांची असताना चिंचोका टाकायचं काम माझं होतं. ते मान हलवत, मी टाकायची. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, एवढंच पाळायचं. त्या दिवशी मी पुन्हा तशीच वाटी घेऊन बसले. जळालेलं एनॅमल चिकटून तारेचे तुकडे पडत होते. आप्पा सुईने एकेक तुकडा सोडवत, त्याचे वेढे धरत, ओठ हलवत. चष्म्यावर चष्मा लावला होता. बाराव्या चिंचोक्यावर कॉइल संपली.

इतकी बारीक तार दुकानात नव्हती. मी येताना कारखान्यातल्या रिजेक्ट डब्यातून मूठभर रिले आणले होते, त्यांच्या पोटात तशीच तार असते. मायक्रोमीटर लावून बघितलं तर किंचित बारीक निघाली. आप्पांनी हाताने खूण केली, चालतंय. गुंडाळायला त्यांनी आईचं शिलाई मशीन काढलं. आई जाऊन चार वर्षं झाली, मशीनला त्यांनी तेल मात्र दिलेलं होतं. बॉबिन भरायच्या चाकावर कॉइल बसवली आणि ते चाक बोटाने फिरवू लागले. सात चिंचोके झाले आणि तार तुटली. हा माणूस अशा वेळी पक्कड भिरकावायचा, ती कुठे लागली याचे डाग दुकानाच्या पत्र्यावर अजून आहेत. त्यांनी वाटीतले सात चिंचोके परत माझ्या हातात दिले आणि सगळी तार काढून पहिल्यापासून सुरुवात केली.

"रागावलात व्हय?" मी दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही.

पुढच्या रविवारी ते कॉइल घेऊन पुन्हा साताऱ्याला आले. तेच टेबल, तेच स्टूल. मी नवा ट्रान्झिस्टर घातला, कॉइल बसवली, तारा जोडल्या. या वेळी मी हाताने बटण फिरवणार नव्हते. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम लिहिला. लिमिट दीडशे, त्याच्या पुढे गेलं की आऊटपुट आपोआप बंद. एक व्होल्टपासून सुरुवात, दर दहा सेकंदांनी अर्धा वर, साडेसातला थांबायचं. एकेक पायरी त्यांनी वाचली आणि मान डोलावली. मग मी वरची ओळ कागदाच्या पट्टीने झाकली. व्होल्ट मला बघायचेच नव्हते. यंत्राचं बटण या वेळी त्यांनी स्वतः अंगठ्याने दाबून धरलं.

"कळ तुमी दाबा," मी म्हटलं आणि सप्लाय त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. माझा हात धरून त्या कळेवर ठेवला आणि आपला हात काढून घेतला.

मी दाबली. वीस मिलिअँपिअर. तीस. पंचेचाळीस. पडदा थरथरायला लागला. सत्तर. माझं नाक वास शोधत होतं. नव्वद. एकशे दहा. एकशे वीसवर आकडा स्थिर झाला आणि यादी संपली. दिवा लागला नाही. वास आला नाही. गुरगुर पहिल्यापेक्षा मऊ होती, तार बारीक आल्यामुळे असेल.

आप्पांनी यंत्र उचलून गळ्याला लावलं. लाल आणि काळी तार त्यांच्या छातीवरून टेबलापर्यंत आली होती. तारा आखूड होत्या, त्यांना पुढे वाकावं लागलं. आठ दिवसांनी ते पहिलं वाक्य बोलले.

"तारा लांब घ्यायच्या हुत्या."

मी हसले, आणि मग मला हसू आवरेना. आवाज हळू होता, नीट ऐकायला मला स्टूल जवळ ओढावं लागलं. जवळ आलेच आहे तर विचारून टाकावं, असं वाटलं.

"आप्पा, त्या दिशी तुमी टेबल बडवत हुता. काय सांगत हुता?"

त्यांनी पाटीकडे बघितलं. खालच्या ओळीकडे.

"अँपिअर बघ म्हनत हुतो."

यंत्र खाली घेतलं, पुन्हा लावलं. त्या आवाजात ना राग कळतो ना लोभ.

"तू म्हनलीस, थांबा. थांबलो."

त्यांनी बटण सोडलं. खालची ओळ शून्यावर आली. मी आऊटपुट चालूच ठेवलं.